वनाचा हक्क आणि बांधावरचा बांबू

बांबू हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें गवताच्या कुळांतला; परंतु १९२७ च्या वन कायद्यानें त्यास वृक्ष ठरविलें. त्यामुळें स्वतःच्या बांधावरील बांबू तोडून बाजारांत नेतांना परवान्याची विवंचना कशी असे, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येंतून वगळला गेला, याचें सर्वांसच समाधान वाटलें. मात्र जी मोकळीक आपणांस हवी होती, तीच वनांतील गांवांस देतांना आपल्यापैकीं पुष्कळांच्या कपाळास आंठ्या पडतात, ही विसंगति आम्हांस खटकते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपज मानिलें व त्यावरील मालकी आदिवासी व इतर वननिवासी जनांस दिली. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वन खात्याकडेच राहिल्यामुळें हक्काचा बांबू विकतां येईना. एप्रिल २०११ मध्यें तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें, तेव्हां कोठें त्या हक्कास अर्थ आला. सातबारा आपल्या नांवें आणि धान्य विकण्याची परवानगी दुसऱ्याच्या हातीं, अशा मालकीस कोणता शेतकरी मालकी म्हणेल?

गांवाच्या हातीं दिलेलें वन उजाड होईल, ही भीति वारंवार बोलून दाखविली जाते. ती अगदींच निराधार आहे असें नाहीं. लोभ गांवांतही असतो. परंतु कायद्यानें हक्काबरोबर वन राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर घातली आहे. शिवाय हा हक्क वारसांकडे जातो, विकतां येत नाहीं. जें विकतां येत नाहीं व नातवंडांस द्यावयाचें आहे, तें माणूस सहसा जपूनच वापरतो. यांत आपलाही स्वार्थ आहे. कारण ओढ्याच्या माथ्यावरील वन टिकलें, तरच खालच्या विहिरींस पाणी राहतें.

या कायद्यान्वयें ग्रामसभा म्हणजे गांवांतील सर्व प्रौढ स्त्रीपुरुष; तींत जमीनधारक शेतकरीही आला. वनहक्काचा दावा सभेपुढें येईल त्या दिवशीं त्यानें घरीं बसूं नये. हजर राहावें, दावा नीट पाहावा, आणि तो खरा असल्यास आपल्या शब्दाचें वजन त्याच्या बाजूस टाकावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.