दाताची खोबण आणि छातीतला कोश



गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका आजींनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. पण कोर्टाची नोटीस असो की दवाखान्याची चिठ्ठी, इंग्रजी कागद वस्तीतून माझ्याकडेच येतो. पहिला कागद धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरांचा. त्यात ‘अल्व्हिओलर’ हाड झिजल्याचे लिहिले होते. दुसरा जळगावचा, छातीच्या फोटोचा. त्यातही ‘अल्व्हिओलर’ डाग! नातवाने दोन्हीकडे तोच शब्द हेरला आणि घरात रडारड सुरू झाली. कर्करोगाच्या धास्तीने दोन दिवस चूल पेटली नव्हती. आजींनी विचारले, “दातनी बिमारी छातीमा उतरनी का रे भाऊ?”

मलाही उत्तर येत नव्हते. ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, वाचनालयात शब्दकोश चाळला. ‘अल्व्हिओलस’ हा लॅटिन शब्द. अर्थ एवढाच : लहानशी पोकळी, खोलगट जागा. मधाच्या पोळ्यातल्या घरालाही तोच शब्द. शरीरात अशा पोकळ्या अनेक ठिकाणी आहेत, म्हणून नाव एकच पडले. दात ज्या खोबणीत रोवलेला असतो ती एक. चरकसंहितेत ३२ दात आणि ३२ ‘दंत-उलूखल’ मोजले आहेत. उलूखल म्हणजे आपले घरातले उखळ! लॅटिनपेक्षा हे लवकर समजते. ‘ल’ म्हणताना वरच्या दातांमागच्या ज्या उंचवट्याला जीभ टेकते, त्यालाही भाषाशास्त्रात याच खोबणींवरून नाव आहे.

दुसरी पोकळी फुप्फुसातली. तिला मराठीत वायुकोश म्हणतात. श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत शेवटी द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे लागतात. इटलीच्या माल्पिघी यांनी १६६१ साली ते सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहून ठेवले. एक कोश साधारण ०.२ मिलिमीटरचा, आणि दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० कोटी, काही मोजणीत त्याहून जास्त. सगळे उलगडून पसरले तर जवळपास ७० चौरस मीटर भरतात. मी हिशेब केला : साडेसातशे चौरस फूट. आजींची खोली दहा बाय बारा. म्हणजे तशा सहा खोल्या मावतील एवढी जागा त्यांच्या छातीत आहे! याच पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. २०२० च्या कोरोनात आपण बोटाला चिमटा लावून जो आकडा बघत होतो, तो याच कोशांच्या कामाचा.

तर चिठ्ठीतला शब्द फक्त जागा सांगतो, आजार नव्हे. खतावणीत खात्याचे नाव असते; बाकी किती ते आत पाहावे लागते. आजींच्या दातांचे कारण हिरड्यांचा जुना रोग, आणि त्याला खतपाणी मिसरीचे. तोंड स्वच्छ राहावे म्हणून आपल्या आया-बहिणी ती तंबाखू जाळून लावतात आणि हाडच गमावतात. छातीचे मात्र वेगळे निघाले. थुंकी तपासली, क्षयरोग होता. सरकारी दवाखान्यात औषध फुकट, सहा महिने. शिवाय रुग्णाच्या बँक खात्यात पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खात्याचा नंबर दवाखान्यात नोंदवल्याशिवाय पैसे येत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नोंदवून घ्या.

जाड धूळ नाकात-घशात अडते. मिलिमीटरच्या पाच-हजारांश भागाहून बारीक कण मात्र थेट कोशापर्यंत पोहोचतात. दगडखाणीची भुकटी तशी, पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर तसाच. कोशाच्या भिंती एकदा फाटल्या की पुन्हा जुळत नाहीत.

श्वासावरून एक आठवले. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाने ओढलेले सूत इतरांना उष्टे, बाटलेले. म्हणून जास्त मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्यांना मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्या ओढण्यात कापसाची धूळही छातीत जाई, पण तो विटाळ कुणी मोजत नव्हते.

बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. त्या दिवशी आपले लोक दरवर्षी तिथे जमतात. यंदा आजीही आल्या. वाटेत दोनदा बसल्या, पण वर पोहोचल्या. मिसरी सोडली आहे, असे त्यांनीच सांगितले. गॅसची शेगडी घरात आहे, टाकी मात्र दिवाळीपासून रिकामीच. चूल पऱ्हाट्यांवरच पेटते.