पहिला चहा थांबवा

'रक्तातील साखर तपासून घ्या,' असे मी रुग्णांना रोज सांगतो. माझी स्वतःची तपासणी मात्र तीन वर्षे 'पुढच्या सोमवारी' होत राहिली. वडिलांना मधुमेह होता, भीती तीच. अखेर एका रात्री एवढेच ठरवले, की सकाळी चहा घ्यायचा नाही. उपाशीपोटी चालत लॅब गाठली. पुढचे काम दोन मिनिटांचे होते. साखर १४८ निघाली. पुन्हा तपासली, तरी १२६ च्या वरच, म्हणजे मधुमेहच. वाईट वाटले, पण पथ्य व औषध वेळेवर सुरू झाले. हा रोग सुरुवातीला दुखत नाही आणि आतून डोळे, मूत्रपिंडे बिघडवतो. माझ्या मते टाळाटाळ हा आळस नव्हे, भीती आहे; ती काम सुरू केल्यावरच ओसरते. तेव्हा वाचकहो, धीर येण्याची वाट पाहू नका. उद्याचा पहिला चहा तेवढा थांबवा आणि लॅबची वाट धरा.