औशाचें विसरलेलें नांव

नांदेड-लातूरकडील वाचकांस कंधार, उदगीर व औसा या किल्ल्यांचीं नांवें नवीन नाहींत. परंतु औसा हें गांव कांहीं काळ 'अंबरपूर' म्हणवीत होतें, हें फार थोड्यांच्या कानांवर असेल. ज्याच्या नांवानें तें ओळखलें गेलें, तो निजामशाहीचा सुप्रसिद्ध वजीर मलिक अंबर जन्मानें हबशी होता. इ. स. १६३६ मध्यें उदगीरचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन करणारा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह, तोही हबशीच.

'हबशी' हा शब्द आमच्या घरांतून कोणत्या अर्थानें उच्चारला जातो, हें सांगावयास नको. उन्हांत हुंदडून काळवंडलेल्या नातवास वडील माणसें तो सहज बहाल करतात, आणि नातूही त्यांतून काय घ्यावयाचें तें बरोबर घेतो. म्हणून त्या शब्दामागील देश एकदां नीट पाहावा, असें आम्हांस वाटलें.

हबश म्हणजे आजचा इथिओपिया. तेथील अक्सुमचा राजा एझाना यानें चौथ्या शतकांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या सुमारास आमच्याकडे वाकाटक राज्य करीत होते. अक्सुमचे राजे स्वतःचें सोन्याचें नाणें पाडीत, आणि तांबड्या समुद्रांतून त्यांचा हिंदुस्थानाशीं व्यापार चाले. तेथील डेब्रे डामो नांवाच्या मठांत आमच्या कुशाण राजांचीं शंभरांहून अधिक सुवर्णनाणीं सांपडलीं आहेत. त्यांची गीझ लिपि तर आमच्या गृहिणींसही आपलीशी वाटेल. एकेक व्यंजन घ्यावयाचें आणि स्वराप्रमाणें त्याचें रूप पालटावयाचें! आमची बाराखडी, त्यांची सातखडी, इतकाच फरक. तेथील मुलेंही ती पंतोजीपुढें बसून मोठ्यानें घोकीत आलीं आहेत.

परंतु आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें लालिबेला येथील देवालयांचें. बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास तेथें अखंड खडकांतून अकरा ख्रिस्ती देवालयें कोरलीं गेलीं. त्यांपैकीं संत जॉर्जचें देवालय क्रुसाच्या आकाराचें असून तें जमिनीच्या पातळीपासून खालीं कोरीत नेलें आहे. म्हणजे छप्पर आधीं आणि पाया शेवटीं. हें वाचतांच वेरूळचें कैलास लेणें डोळ्यांपुढें येतें. तें त्याआधीं कांहीं शतकें, आठव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळीं कोरलें गेलें. आणि राष्ट्रकूट स्वतःस 'लत्तलूर' नगरीचे स्वामी म्हणवीत, तें लत्तलूर म्हणजे आपलें लातूरच. एकानें दुसऱ्याचें पाहून केलें, असें आम्ही म्हणत नाहीं. खडकाकडे पाहून त्याच्या पोटांत देऊळ आहे असें दोन दूरच्या देशांतील पाथरवटांस वाटावें, एवढेंच आम्हांस पुरेसें आहे.

मात्र हें सारें वैभव अंबराच्या पदरांत टाकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सुमारें इ. स. १५४८ मध्यें तो जन्मला. 'चापू' हें त्याचें मूळचें नांव सांगतात. त्या राज्यांतही माणसांचा बाजार भरे, आणि सीमेवरच्या लोकांचीं मुलें त्यास बळी पडत. हा मुलगा तसाच विकला गेला. बगदादच्या व्यापाऱ्याच्या घरीं त्यास अंबर हें नांव मिळालें, आणि शेवटीं अहमदनगरास निजामशाहीचा मंत्री चंगीजखान यानें त्यास विकत घेतलें. हा चंगीजखानही हबशी! देश, भाषा, आईबापांनीं ठेवलेलें नांव, यांपैकीं कांहींच बरोबर राहिलें नाहीं.

पुढील हकीकत शाळेंतील मुलेंही सांगतील : जमिनीची मोजणी व सारा, खडकीस खेळविलेलें नहरीचें पाणी, १६२४ ची भातवडीची लढाई. त्यानें वसविलेल्या खडकीचें पुढें औरंगाबाद झालें, आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर. औशाचें अंबरपूर हें नांवही टिकलें नाहीं.

इ. स. १६२६ मध्यें तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. संभाजीनगराहून कैलास पाहावयास जाणाऱ्या मंडळींस हें गांव वेरूळच्या अलीकडे, वाटेंतच लागतें.