टेबलावरचं अंतराळयुद्ध

जेवणाच्या टेबलावर कधी अंतराळयुद्ध पाहिलंय? ना बॅटरी, ना पडदा. लागतात ती फक्त इटुकली सैन्यं, फासे आणि मोजपट्टी!

'गेम्स वर्कशॉप' या इंग्लंडमधल्या कंपनीने १९८७ साली 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ आणला. त्यातली गोष्ट तब्बल ३८ हजार वर्षांनंतरची! सैनिकाची चाल इंचांत मोजायची. नेम लागला की हुकला, ते फासे ठरवणार.

पण खरी गंमत डावाच्या आधीच सुरू होते. सैनिक मिळतात सुट्या तुकड्यांत आणि बिनरंगी. ते आपणच चिकटवायचे, आपणच रंगवायचे. आधी अस्तराचा रंग. तो वाळला की पातळ रंगाचे दोन हात. घाईने जाड रंग फासलात, तर नाक-डोळे बुजलेच म्हणून समजा!

असले खेळ तसे जुनेच बरं का! मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम दिले. खऱ्या युद्धापेक्षा ही चिमुकली लढाईच बरी, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

टेबलावर पडलेला सैनिक पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. रणांगणावरचा राहत नाही. म्हणून लढाई करायचीच, तर टेबलावर करा. आणि हरलात, तरी हसत हात मिळवा!