"जस्ट" एवढंच करा!

आमच्या अमेरिकेतल्या लॅबमध्ये दर ऑगस्टला नवी पोरं येतात. त्यांच्यासाठीचं मॅन्युअल तपासायचं काम माझ्याकडे आहे, आणि त्यातले 'जस्ट' आणि 'सिम्पली' मी दिसतील तिथे खोडतो. 'सिम्पली टर्मिनल उघडा, जस्ट ही कमांड द्या.' ज्याला येतं त्याला हे शब्द जाणवतही नाहीत. जो अडतो त्याला मात्र वाटतं, एवढं सोपंही आपल्याला जमेना! मग तो कुणाला विचारत नाही. आपल्याकडून आलेली पोरं तर नाहीच विचारत, गुगलवर रात्र काढतात.

युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ साली देखभालीच्या पुस्तकांसाठी एक मर्यादित इंग्रजी ठरवून दिली. आज ती एएसडी-एसटीई१०० या नावाने ओळखली जाते. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे फक्त 'नंतर येणे'. सूचना पाळायची असेल तर 'ओबे'. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. मेकॅनिकची मातृभाषा इंग्रजी असेलच असं नाही, हे धरूनच सगळं बेतलेलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र एका पानावर 'फोल्डर' लिहितो आणि पुढच्यावर 'डिरेक्टरी'. नवख्याला त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात. तोच शब्द परत नको, हे शाळेतल्या निबंधात ठीक होतं हो. मॅन्युअलमध्ये एकच शब्द शंभरदा येऊ दे की! आणि कमांडच्या आधी छापलेलं ते डॉलरचं चिन्ह? नवखा तेही टाईप करतो. करायचं नाही, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं.