ताडी, प्रीती आणि लाल बावटा

इंग्रजांची जुनी गाणी चाळताना एक गंमत ध्यानात येते. मद्य, प्रीती आणि राजकारण या तीन खुंट्यांवर त्यांचा निम्मा संसार टांगलेला! बार्लीच्या दाण्याला मारून पेल्यात पुन्हा जिवंत करणारे ‘जॉन बार्लीकॉर्न’ तर रॉबर्ट बर्न्ससारख्या कवीनेही आपल्या परीने रचले. आपण ते कौतुकाने वाचतो. साहेबाचे मद्य ना ते!

पण वाचकहो, यासाठी विलायतेला कशाला जायला हवे? बोईसरला उतरावे. पश्चिमेची वाट कारखान्यांवरून तारापूरला जाते; तेथील अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आले. पूर्वेला वळावे, म्हणजे वारल्यांचे पाडे लागतात. एकीकडे तारापूर, दुसरीकडे तारपा! वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्यावर हे वाद्य बनते. भाताची कापणी झाली की त्याच्या सुरावर रात्रभर फेर धरला जातो.

लग्नात मान धवलेरीचा. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी गाऊन लग्न लावते. इथे मंत्र बाईच्या तोंडी! मध्येच ताडीचा घोट घेऊन ती गळा ओला करते. आपल्यासारखा पांढरपेशा पाहुणा लगेच नाक मुरडतो. मीही मुरडले होते, खोटे कशाला सांगू?

पुढे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचले आणि ते मुरडलेले नाक खाली आले. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने आयुष्यभर त्याच्या शेतावर राबायचे. अशा माणसाला नावच होते ‘लग्नगडी’! ज्या रात्री प्रीतीचे गाणे झाले, त्याच रात्री माणूस गहाण पडला. ताडीचेही तेच. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारातल्या ताडाचा रससुद्धा सरकारी परवान्याचा झाला. म्हणजे पेल्यात राजकारण आधीच उतरले होते. बावटा मागाहून आला.

तो आला १९४५ साली. २३ मे रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही, असे त्यांनी ठरवले. लग्नगडी मोकळे होऊ लागले. १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पण मोडलेली वेठ पुन्हा जोडली गेली नाही.

आता पाड्यावर धवलेरी गाऊ लागली, की मला त्या सुरात आधी ताडी ऐकू येत नाही. आपल्या लग्नाच्या रात्री जे विकले गेले, त्यांची आठवण येते.

आणि हो, दिवाळी सरली की तुळशीचे लग्न, त्यामागोमाग आपली लग्नसराई! कार्यालय, बँडबाजा, मानपान, जेवणावळी, सारे कसे थाटात हवे. ताडीचा थेंबही नाही हो आपल्याकडे! फक्त समारंभ आटोपल्यावर मुलीचा बाप हप्त्यांचा कागद चष्म्याजवळ धरून बसतो. त्याला ‘लग्नगडी’ म्हणावे की नाही, ते घरोघरी फराळाच्या ताटावर ठरवावे.