हिसच्या तंतुपुंजापर्यंत

जुळे सोलापुरात वैशाखाच्या उन्हात एखादे वयोवृद्ध गृहस्थ भोवळ येऊन पडले, की सारा दोष उन्हाच्या माथी मारून कांदा हुंगवण्याचा रिवाज अद्याप कायम आहे. परंतु कोणी मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजण्याची तसदी घेतली आणि ती मिनिटाला जेमतेम ३५ भरली, तर गुन्हेगार ऊन नसून हृदयातील विद्युत्संदेशांच्या वाटेवरील अडथळा असण्याचा संभव बळावतो.

कर्णिकांकडून जवनिकांकडे संदेश नेणारा जो तंतुपुंज विल्हेल्म हिस यांनी १८९३ साली वर्णिला, तो निकामी झाल्यास उपयोगी पडणारा पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये प्रथम शरीरात बसवला गेला खरा. तथापि त्याची तार पुढे बहुधा उजव्या जवनिकेच्या टोकाशी रोवली जाऊ लागली, आणि तेथून उठलेला ठोका राजमार्ग सोडून स्नायूंतून आडवाटेने पसरत असल्याने डावी बाजू मागाहून आकुंचन पावे व कालांतराने कित्येकांचे हृदय उपचारानेच दुबळे होई. यावर अमेरिकेतील डॉ. प्रमोद देशमुख व सहकाऱ्यांनी तार थेट हिसच्या तंतुपुंजातच रोवून पाहिली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : १८ रुग्णांपैकी १४ जणांत तंतुपुंज खात्रीने चेतवता आला, १२ जणांत तार कायमची बसली. देशमुख हे आडनाव वाचून आमची छाती फुगली, हे कबूल. परंतु उरलेल्या सहांचा हिशेबही त्यांनी बिनदिक्कत दफ्तरी दाखल केला, याचे मोल आम्हांस अधिक वाटते. तंतुपुंज चिमुकला, त्यात तार रोवणे जिकिरीचे. म्हणूनच २०१७ पासून चिनी संशोधकांनी दाखवलेल्या, किंचित खाली डाव्या शाखेपाशी तार नेण्याच्या पद्धतीकडे आता अनेक तज्ज्ञांचा ओढा आहे.